थेंबही न सांडलेला पेला

मी एक पेला आहे. भाजक्या मातीचा, पोटावर निळी नक्षी आणि डोक्यावर कथिलाचं झाकण असलेला बियरचा पेला. सध्या मुक्काम काचेच्या कपाटात. पायाशी एक पाटी लावली आहे: 'याच पेल्याने किलियान रामोझर यांना रोलर कोस्टरच्या उभ्या रिंगणाचा आकार सुचवला. रिंगणाच्या त्या ऐतिहासिक चाचणीत याच्यातून थेंबही सांडला नाही.' लोक येतात, पाटी वाचतात, माझ्याकडे कौतुकाने बघतात आणि पुढच्या दालनातल्या रंगीत गाड्यांकडे वळतात.

पाटीवरचं पहिलं वाक्य खोटं आहे. दुसरं खरं आहे, आणि सगळं वाटोळं झालं ते त्या खऱ्या गोष्टीमुळेच.

माझा जन्म ऱ्हाईनकडच्या एका कुंभाराच्या भट्टीत झाला. भट्टी लाल झाली की तो म्हातारा मिठाच्या ओंजळी आत फेकायचा. त्या मिठाची चकाकी अजून माझ्या अंगावर आहे. त्याच मातीच्या गोळ्यातून, त्याच दिवशी, माझा एक जुळा भाऊही घडला. आम्हा दोघांना कोर्बीने ऑग्सबर्गच्या बाजारातून उचललं, बहिणीच्या लग्नात द्यायला.

कोर्बी म्हणजे कोर्बिनियान. गावातला वेल्डर, आडव्या बांध्याचा, गावच्या बँडमध्ये तुतारी फुंकणारा. त्याची बहीण वाल्बुर्गा, तिला सगळे बुर्गी म्हणत. तिचं लग्न किलियानशी ठरलं होतं, आणि किलियान न् कोर्बी शाळेपासूनचे दोस्त. कोर्बीने आमच्या झाकणांवर नावं कोरून घेतली होती. माझ्यावर किलियान, माझ्या भावावर कोर्बिनियान. नवरीचं नाव कुठेच नाही.

"वा रे भाऊ!" बुर्गी म्हणाली. "लग्न माझं आणि पेले तुम्हा दोघांचे?"

"तुला अख्खा नवरा दिला ना?" कोर्बी म्हणाला. "रविवारी तासभर मला परत दे, म्हणजे झालं."

आणि तसंच ठरून गेलं. रविवारी चर्चमधून आलं की दोघं मेव्हणे कारखान्यातल्या लाकडी बाकावर बसायचे. मीठ लावलेल्या मुळ्याच्या चकत्या आणि आम्ही दोघं. आठवडाभर आम्ही भिंतीवरच्या खुंट्यांना शेजारी शेजारी टांगलेले असायचो.

किलियान म्युनिकहून इंजिनियर होऊन आला होता. आधी त्याने जत्रेवाल्यांना राहायच्या गाड्या बांधून दिल्या, पुढे फिरते पाळणे, आणि मग त्याला रुळांचं वेड लागलं. आकृती किलियानची आणि जोडकाम कोर्बीचं, अशी ती जोडी होती. कोर्बीने नळीला नळी जोडली की त्या शिवणीवरून बोट फिरवताना कुठे अडकत नसे. किलियान दुसऱ्या कुणाच्या हातचं जोडकाम पास करत नसे, आणि ब्रेकचा दांडा दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. त्यामुळे चाचणीच्या वेळी किलियान खाली ब्रेकपाशी आणि कोर्बी गाडीत, हे कुणी न ठरवताच ठरलेलं होतं.

कोर्बी उतरला की एकच शब्द बोलायचा. वळण चांगलं असेल तर "पुन्हा!" आणि वाईट असेल तर "नको." त्याच्या 'नको'वर किलियानने उभे रूळ कापून टाकलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

पण कोर्बीच्याही आधी गाडीत बसायचो मी. किलियानची ती खास पद्धत होती. काठोकाठ बियर भरायची, माझं झाकण मागे दोरीने बांधायचं, मला चामडी पट्ट्याने आसनाला जखडायचं आणि गाडी सोडायची. वळणावर रूळ नीट कललेला असेल तर माझ्यातली बियर हलत नसे. कलण्यात चूक असेल तर ती बाहेर. सरळ हिशोब होता, आणि वळणांच्या बाबतीत तो अगदी बरोबरही होता. जत्रेवाले कौतुकाने म्हणायचे, "रामोझरचा माल ना? पेल्याने पास केलेला आहे." मीही फुशारून जायचो. कोणाला आवडत नाही हो आपलं नाव झालेलं?

नंतर किलियानच्या डोक्यात ते रिंगण आलं.

माणसांनी भरलेली गाडी पूर्ण उलटी करायची, डोकी खाली आणि पाय आभाळाकडे, आणि सुखरूप खाली आणायची. आमच्या भागात तसं कुणी केलेलं नव्हतं. जत्रेवाल्या लिंडाखर घराण्याच्या म्हाताऱ्याने ऐकलं आणि म्हणाला, "करून दाखव, पुढच्या वसंतात घेतो." किलियानने रिंगण काढलं ते कंपासने काढावं तसं, पूर्ण गोल. गोलापेक्षा सुंदर आकार जगात नाही असं तो म्हणायचा. कोर्बीने हिवाळाभर खपून ते कारखान्यामागच्या माळावर उभं केलं. गावातल्या म्हाताऱ्या चर्चला जाताना त्याच्याकडे बघायच्या आणि छातीवर क्रूस करायच्या.

पहिल्या चाचणीत मी माथ्यावर पोचलो आणि रिकामा झालो. सगळी बियर खाली उभ्या कोर्बीच्या डोक्यावर.

"मेव्हण्या," तो डोळे पुसत ओरडला, "असली पापं करणाऱ्यांसाठी नरकात वेगळी खोली असते!"

किलियान हसला नाही. वेग कमी पडला म्हणाला. त्याने सुरुवातीचा उतार आणखी उंच केला. तरी माझ्यातून थोडी सांडली. त्याने उतार आणखी उंच केला. असं करत करत एक दिवस मी ते अख्खं रिंगण फिरून आलो आणि माझ्यावरचा फेससुद्धा जागचा हलला नव्हता. किलियानने मला दोन्ही हातांनी उचललं, सगळ्यांना दाखवलं आणि एका दमात रिकामं केलं. इतका आनंदलेला तो मला पुन्हा कधी दिसला नाही.

आता जरा थांबा आणि माझ्या बाजूने विचार करा. उलटं होऊनही माझ्यातली बियर पडली नाही, ती का? कारण काहीतरी तिला माझ्या तळाशी दाबून धरत होतं. माथ्यावर तो दाब जेमतेम होता. पण सरळ रुळावरून गाडी एकदम त्या गोलात घुसायची, तिथे खाली, तो दाब असा यायचा की जणू कुणी माझ्या तोंडावर धान्य भरलेली पोती रचतंय. मला काय त्याचं? मी बाराशे अंशांच्या आगीतून निघालेला. बियर जितकी दाबावी तितकी ती गप्प बसते. आणि बियर गप्प बसली म्हणजे सगळं ठीक आहे, असं किलियानने धरलं होतं.

एक खूण तेव्हाही मिळाली होती. माझ्या शेजारच्या आसनांवर माणसांच्या वजनाची वाळूची पोती बांधलेली असत. त्यातलं एक खालच्या कडेला उसवलं आणि गाडीत वाळूच वाळू झाली.

"बुर्गी, शिवताना डुलकी लागली होती का?" किलियानने विचारलं.

"पोतं शिवणारीला काय विचारतोस?" ती म्हणाली. "पोतं दाबणाऱ्याला विचार."

ती बोलून गेली, आणि तिने ते पोतं दुहेरी दोऱ्याने पुन्हा शिवलं. कुणी पुढे विचार केला नाही, तिनेही नाही.

लिंडाखर बघायला आला त्या दिवशी सगळा गाव कुंपणाला लोंबकळत होता. म्हाताऱ्याची मुलं, सुना, नातवंडं, सगळे आले होते. कोर्बी गाडीत बसला, टोपी काढून त्याने बुर्गीकडे फेकली. मी त्याच्या पुढच्या आसनावर, भरलेला. गाडी सुटली. रिंगणात शिरताना मागून एक आवाज ऐकला, ओल्या फडक्याला पीळ दिल्यावर येतो तसा. तो कोर्बीच्या तोंडातून आला होता.

गाडी थांबली. थेंब सांडला नव्हता. कोर्बी काही क्षण हलला नाही. हनुवटी छातीला टेकलेली. मग त्याने हळूच डोकं वर केलं, जसं एखादं जड झाकण उचलावं तसं, आणि त्याला दिसलं की लिंडाखर त्याच्याकडे बघतोय आणि किलियानही. किलियानचा चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखा झाला होता.

"पुन्हा!" कोर्बी म्हणाला.

आणि तो पुन्हा बसला. उतरून परत एकदा म्हणाला, "पुन्हा!" आणि परत बसला. लोकांनी टोप्या उडवल्या. लिंडाखरने तिथेच किलियानच्या हातात हात दिला, आणि आमच्याकडे असा हात दिला की सौदा झाला. जत्रेवाले कागदाच्या आधी हाताला मानतात.

पुढच्या रविवारी दोघं बाकावर बसले. कोर्बीने माझ्या भावाला उजव्या हाताने उचललं. ओठांपर्यंत नेलं असेल नसेल, आणि त्याची बोटं उघडली. त्याने उघडली नाहीत, ती आपोआप उघडली. माझा भाऊ फरशीवर पडला. त्याचे तुकडे बाकाखाली, लोखंडाच्या भुग्यात पसरले. कथिलाचं झाकण तेवढं गोल फिरत फिरत, मुळा घेऊन आलेल्या बुर्गीच्या पायापाशी जाऊन थांबलं.

"इतकी चढली? आत्ता तर बसलोय," किलियान हसत म्हणाला.

कोर्बी आपल्या हाताकडे बघत होता. "बोटं कळत नाहीत मला," तो म्हणाला. "त्या दिवसापासून. मान वळवली की खांद्यातून आग जाते. काल वेल्डिंगची कांडी दोनदा सुटली."

"त्या दिवसापासून म्हणजे?"

"तुला माहीत आहे कुठल्या. ते रिंगण बरोबर नाही, किलियान. आत शिरताना माणूस मोडतो."

किलियानचं हसू गेलं. "थेंब सांडला नाही. तू स्वतः बघितलंस."

"पेल्याला मणके नसतात."

"आणि तू? तू 'पुन्हा' म्हणालास! एकदा नाही, दोनदा. 'नको' म्हणाला असतास तर मी उभं रिंगण कापलं असतं, हे तुला ठाऊक आहे. आता लिंडाखरला हात दिल्यावर सांगतोस?"

मित्राची लाज राखायला कोर्बी जो एक शब्द खोटा बोलला, तोच आता त्याच्या तोंडावर फेकला जात होता. तो उठला, दारापर्यंत गेला. मान न वळवता सगळं अंग वळवून त्याने एकदा मागे पाहिलं.

"येत्या महिन्यात तिथे पोरं बसतील," तो म्हणाला आणि गेला.

बुर्गीने झाकण उचलून ॲप्रनच्या खिशात टाकलं. तुकडे झाडले. दोनेक दिवस ती नवऱ्याशी कामापुरतं बोलली. एके सकाळी ती माळावर आली, तेव्हा किलियान मला भरून पुन्हा आसनाला बांधत होता, स्वतःचीच खात्री पटवायला.

"त्याला सोड," ती म्हणाली. "तू बस. ब्रेक मी धरते."

"तुला जमणार नाही."

"वीस वर्षं बघतेय. तू तरी काय करतोस, दांडाच ओढतोस ना? माझ्या भावाला बसवताना तुला काही वाटलं नाही. आता का पाय मागे?"

माळावर तिसरं कुणी नव्हतं. किलियानने मला सोडून गवतावर ठेवलं आणि माझ्या जागी बसला. मी खालून बघितलं. बुर्गीने दांडा अगदी वेळेवर ओढला. गाडी थांबली तरी तो उतरेना. शेवटी कठड्याला धरून उतरला, दोन पावलं चालला आणि गवतावर, माझ्या शेजारी, बसूनच राहिला. त्याचा हात मानेच्या मागे होता.

दुसऱ्या दिवशी त्याने रिंगण कापायला घेतलं. लिंडाखरला उशीर होईल म्हणून कळवलं. नंतरचे कित्येक महिने तो आकृत्या काढत आणि खोडत राहिला. शेवटी जे उभं राहिलं ते गोल नव्हतं. खाली पसरट, वर निमुळतं, म्हणजे गाडी आत हळूहळू शिरायची आणि माणसावर एकदम घाव पडत नसे. आज जगभर रिंगणं साधारण त्याच घडणीची असतात, आणि पोरं त्यातून हसत बाहेर येतात. एवढं चांगलं झालं, ते मी नाकारत नाही.

पण त्या नळ्या कोर्बीने जोडल्या नाहीत. ऑग्सबर्गच्या डॉक्टरांनी मणक्यातली चकती सरकून नस चेपल्याचं सांगितलं होतं. बोटांत जीव परत येणार नव्हता. तुतारीही सुटली. किलियानने त्याच्यासाठी डॉक्टर केले, औषधं केली, घरी लाकडं पोचवली. फक्त एक वाक्य तो बोलला नाही. 'तू खरं सांगत होतास,' एवढंच. कोर्बी त्या वाक्याची वाट बघत होता. बुर्गीकडे तो दर भेटीत विचारायचा, "काही म्हणाला का गं?" आणि बुर्गी विषय बदलायची. हे मला कसं कळलं? घराच्या स्वयंपाकघराची खिडकी कारखान्यातल्या माझ्या खुंटीच्या समोरच होती.

रिंगण जत्रेत गाजलं तेव्हा म्युनिकहून एक वार्ताहर आला. कारखान्यात दहाबारा माणसं जमली होती. कोर्बीही आला होता, गळ्याभोवती पट्टा, उजवा हात खिशात. वार्ताहराने विचारलं, "हा आकार तुम्हाला सुचला कसा?"

सगळे थांबले. मला वाटलं, आता. कोर्बीनेही खिशातला हात बाहेर काढला होता.

किलियानची नजर भिरभिरली. मला नुकतंच विसळून उलटं टांगलं होतं आणि माझ्या काठाला पाण्याचा एक थेंब लोंबत होता, खाली पसरट आणि वर निमुळता.

"तो बघा," किलियान म्हणाला. "त्या थेंबावरून."

वार्ताहराने लगेच माझा फोटो काढला. लोक वा वा करत माझ्याभोवती जमले. कोर्बी एकटाच जागेवर उभा होता.

"छान गोष्ट आहे, मेव्हण्या," तो हळूच म्हणाला. त्यानंतर तो रविवारी कधी आला नाही. माझ्या शेजारची खुंटी रिकामीच राहिली आणि किलियानने तिथे दुसरं काही टांगूही दिलं नाही.

वर्षं गेली. कोर्बी एका फेब्रुवारीत गेला, झोपेतच. त्याला पुरून सगळे दफनानंतरच्या जेवणाला खानावळीत गेले तेव्हा किलियान एकटा घरी आला. त्याने मला भरलं आणि कोटाआड धरून दफनभूमीत नेलं. माती अजून ओली होती. रस्त्यातच माझ्यातली निम्मी बियर त्याच्या बाहीवर सांडली होती.

"पेल्याला मणके नसतात," तो म्हणाला. "बरोबर होतं तुझं, मेव्हण्या."

आणि त्याने मला उलटं केलं. उरलेली सगळी बियर मातीत गेली. ते ऐकायला तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. ज्याने ऐकायला हवं होतं त्याला लोकांनी दुपारीच पुरलं होतं.

मला वाटलं होतं, एकदा तोंडातून निघालंय तर आता हा लोकांसमोरही बोलेल. त्याच उन्हाळ्यात त्याला पदक मिळालं. मला टेबलावर ठेवलं होतं. भाषणाला उठला, घसा खाकरला, माझ्याकडे पाहिलं. आणि त्याने पुन्हा थेंबाचीच गोष्ट सांगितली. लोकांना ती इतकी आवडायची! टाळ्या संपेपर्यंत बुर्गी मांडीवर हात ठेवून बसली होती. त्यानंतर किलियानने मला कधी ओठाला लावलं नाही, आणि दोन हिवाळ्यांनी तोही गेला.

संग्रहालयाची माणसं मला न्यायला आली त्याच्या आदल्या संध्याकाळी बुर्गीने मला खुंटीवरून उतरवलं. पुसलं. ॲप्रनच्या खिशातून काहीतरी काढून माझ्या पोटात सोडलं. खण्णकन वाजलं. मी ते अंधारातही ओळखलं. ते माझ्या भावाचं झाकण होतं.

"तिथे तरी एकत्र राहा," ती म्हणाली आणि माझं झाकण तिने घट्ट दाबून बसवलं.

सकाळी तिने त्या माणसांना बजावलं, "बिजागरी जुनी आहे हो. उघडू नका, तुटेल." त्यांनी बिचाऱ्यांनी ऐकलं. मला बाहेरून मापलं, पाटी लिहिली, काच लावली. मला घरून नेताना दारात उभी असलेली बुर्गी काहीतरी म्हणायला पुढे आली होती. पण गाडी सुरू झाली होती, आणि तिचं वय झालं होतं.

तर बाबांनो, तुम्ही इतक्या लांबून येता, पाटी वाचता, थेंबाचं कौतुक करता. पोरांना उचलून मला दाखवता. त्याच पोरांना तुम्ही पुढे त्या रिंगणात बसवणार आहात, आणि ती मान ताठ ठेवून, हसत खाली येणार आहेत. त्यांच्या त्या मानेसाठी एका माणसाने आपली मोडून घेतली. त्याचं नाव या दालनात कुठेच नाही, फक्त माझ्या पोटात आहे, कथिलावर कोरलेलं. मला तोंड आहे पण उघडता येत नाही. बुर्गीचं ऐकू नका. तुटली बिजागरी तर तुटू दे. कुणीतरी हे झाकण उघडा.